आधी बुवा, मग भोंगा

"लागली रे लागली! उत्तरेच्या टेकडीला आग लागली! मला इथं चटके बसतायत!"

बुवा छाती चोळत घुमायला लागले की अंगणात मुंगी शिरायला जागा उरायची नाही. थोड्या वेळानं आगीचा भोंगा वाजायचा, उत्तरेला खरंच धूर दिसायचा आणि लोक बुवांच्या पायांवर लोळण घ्यायचे.

मी दवाखान्यात नर्स. पाया पडून झालं की भाजलेली माणसं माझ्याकडे येतात. कंटाळलेय मी. गेल्या आगीत तर माझ्या सासूबाईंचेच दोन्ही हात पोळले. "भोंगा जरा आधी वाजला असता तर निघाले असते गं," एवढंच त्या म्हणाल्या. ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

भोंगा आमच्या भाऊजींच्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिराच्या हाती. पार ढगांच्या वर बिनमाणसाचं एक विमान उन्हाच्या जोरावर महिनोन्‌महिने घिरट्या घालतं. रानात कुठं आग दिसली की जागेसकट निरोप थेट भाऊजींच्या खोलीत धाडतं. त्यांनी फक्त बटण दाबायचं. आणि भाऊजी बुवांचे पट्टशिष्य!

मी विमानाच्या केंद्रातल्या बाईंना फोन लावला. "सरावाचा निरोप पाठवता येईल?"

"येईल की. जागा कुठली टाकू?"

"दगडाची खाण. तिथं गवताची काडीसुद्धा नाही."

"पण खाली 'सराव' असं लिहावं लागतं हं."

"लिहा खुशाल. आमचे भाऊजी शेवटपर्यंत वाचतात कुठं!"

संध्याकाळी सासूबाईंना घेऊन बुवांच्या अंगणात गेले. बुवांच्या कमरेचा फोन थरथरला. बुवा आत गेले आणि डोलतच बाहेर आले. "लागली! खाणीला लागली! ज्वाळा आभाळाला भिडल्या!"

मग भोंगा वाजला. सगळ्यांनी खाणीकडे पाहिलं. पांढरे दगड तसेच पडलेले.

"बुवा, दगड पेटला होय?" सासूबाईंनी विचारलं.

"अदृश्य अग्नी आहे, माई! पापी डोळ्यांना दिसायचा नाही."

तेवढ्यात भाऊजी धापा टाकत आले. "बुवा, थांबा! सराव होता तो! मी खालचं वाचलंच नाही!"



"म्हणजे त्या दिवशीही आधी यांनाच फोन केलास?" सासूबाईंनी लेकाला विचारलं.

"आई, अगं, दोन-चार मिनिटंच..."

"तेवढ्यात मी दाराबाहेर आले असते रे." त्यांनी पट्ट्या बांधलेले हात पुढे केले.

भोंगा आता दुसऱ्या माणसाकडे आहे. भाऊजी आईला घास भरवतात. आणि बुवांच्या अंगणात निम्मी गर्दी पुन्हा जमते! त्यांच्याशी वाद घालायचं त्राण माझ्यात नाही. एवढंच सांगते, आग विमानाला दिसते, बुवांना नाही. भोंगा वाजला की कुणाच्या तोंडाकडे न बघता निघा. माझ्याकडचं मलम संपत आलंय.