कापायला काढलेली कळ

मी एक जुनी कळ आहे, मित्रांनो. घड्याळाची नाही, कुलपाची नाही, बंदुकीची. नळी आणि लाकडी दस्ता यांच्या मधली जी लोखंडी पेटी असते ना, ती मी. माझ्या पोटाखाली एक दांडी आहे. दांडी खाली ओढली की माझ्यातला ठोकळा खाली सरकतो, तिथं एक जाडजूड काडतूस ठेवायचं आणि दांडी वर करायची. एका वेळी एकच बार. इतकं सोपं काम, पण माणसांनी त्याचाही विचका केला!

केडगावच्या एका कारागिरानं मला घडवलं. महिनाभर कानशीनं घासलं, तेव्हा कुठं माझा ठोकळा लोण्यासारखा सरकू लागला. तिथून मी नेवाशाजवळच्या एका मळ्यात गेले, सहादेवभाऊंच्या घरी. उसात रानडुकरं शिरली की भाऊ हवेत बार काढायचे. बंदुकीच्या काळ्या दारूचा तो आवाज ऐकून डुकरं पार नदीपर्यंत पळायची. "लई गुणाची हाय आमची बंदूक," असं भाऊ आल्यागेल्याला सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

पण काळ्या दारूची एक खोड असते. प्रत्येक बारामागं ती आत काजळी सोडते. बार काढला की गरम पाण्यानं आतून धुवायचं, पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. भाऊंनी मला कधी धुतलं असेल? एकदाही नाही! खंडेनवमीला पूजा मात्र थाटात. हळद, कुंकू, अक्षता, वरून नारळाचं पाणी. वर्षभर ढुंकून बघायचं नाही आणि एक दिवस असं माखून ठेवायचं. कप्पाळ माझं!

व्हायचं तेच झालं. बारा वर्षांपूर्वी एक डुक्कर पळायच्या ऐवजी भाऊंवरच धावून आलं. भाऊंनी काडतूस घातलं, दांडी वर केली, आणि माझा ठोकळा वर यायचा थोडक्यात राहिला. मी जीव तोडून वर सरकत होते, पण आत काहीतरी अडलं होतं. कळ पुरती मिटल्याशिवाय बार निघत नाही. डुकरानं भाऊंची मांडी फाडली. तेव्हापासून ते लंगडतात, आणि तेव्हापासून मी पनवती.

पुढं नळी गंजली, दस्ता वाळवीनं खाल्ला. मी तेवढी उरले आणि केडगावला अँड्र्यूच्या कपाटात येऊन पडले. अँड्र्यू म्हणजे मला घडवणाऱ्या कारागिराचा मुलगा, बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेला. त्यानं मला तेलकट फडक्यात गुंडाळलं, "बघू कधीतरी" म्हणाला, आणि विसरला.

यंदा भाऊंची मुलगी पंकजा आली. ती शाळेत खेळ शिकवते आणि नेमबाजी करते. जुन्या पद्धतीच्या बंदुकांच्या स्पर्धेत तिला उतरायचंय. त्यासाठी मोठ्या तोंडाची, एकबारी, काळ्या दारूवर चालणारी रायफल तिला बनवून हवी होती. परवाना झाला, नळी आली, दस्त्याचं लाकूडही आलं. राहिली फक्त कळ.

आणि मग सुरू झाला माझ्या डोक्याचा ताप! सलग आठ गुरुवार बापलेक येत राहिले. सोयरीक जमवतानासुद्धा माणसं इतकी चिकित्सा करत नाहीत. मधोमध मोडणारी कळ बघितली. ती बारागणिक सैल होणार, म्हणून बाजूला ठेवली. नागापूरच्या कारखान्यातून घडवून आणलेली नवी चकचकीत बघितली. ती इतकी घट्ट, की चार बारांच्या काजळीतच अडकायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! दर खेपेला भाऊ मोबाईलवर नवा व्हिडिओ बघून यायचे आणि नवं मत द्यायचे.

अँड्र्यू कंटाळून म्हणाला, "भाऊ, तुमची जुनीच बसवा ना. काजळीला दाद देणारी नाही, आणि मागून उघडून सहज धुता येते."

भाऊ उसळले. "तिचं नाव काढू नगा. तिनंच माझा पाय घेतला. कापून टाका तिला!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! पण मला तोंड कुठं होतं? अँड्र्यूनंही निकाल दिला. "ठीक आहे. पुढच्या गुरुवारपर्यंत काही ठरलं नाही, तर ही कापून भंगारात."

तो गुरुवार उजाडला. अँड्र्यूनं मला उचलून कापायच्या यंत्राशेजारी ठेवलं. पंकजानं मला हातात घेतलं. "कापायच्या आधी मला एकदा धुवून बघू द्या," ती म्हणाली.

"धुवून काय व्हनार हाय?" भाऊ कुरकुरले.

"आप्पा, बघू तर द्या!"

तिनं माझा ठोकळा उघडला आणि मला पांढऱ्या ताटावर धरून आत गरम पाणी ओतलं. आधी काळं पाणी आलं, मग पिवळं, मग लाल. आणि शेवटी टप्पकन एक दाणा ताटात पडला. काळा ठिक्कर, दगडासारखा कडक.

भाऊंनी तो चिमटीत धरला. नखानं खरवडला. आतून पांढरा निघाला.

"तांदूळ हाय ह्यो," ते म्हणाले.

भाऊ मटकन स्टुलावर बसले. "त्या वर्साला मीच टाकल्या व्हत्या अक्षता. उघडून, आतमदी. म्हटलं, आतल्या देवाला बी मिळू दे."

त्यांचा हात मांडीवरच्या जुन्या जखमेकडं गेला. बारा वर्षं मी त्या माणसावर धुमसत होते. पण त्या वेळी मला त्यांची फार दया आली.

"हीच बसवा," ते अँड्र्यूला म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

आता मी पंकजाच्या रायफलीत आहे. प्रत्येक सरावानंतर ती मला धुते. या खंडेनवमीला भाऊ ताट घेऊन आले, तेव्हा म्हटलं, झालं, पुन्हा अक्षता! पण त्यांनी आधी ताट बाजूला ठेवलं, किटलीतलं गरम पाणी घेतलं आणि मला स्वतःच्या हातानं धुतलं, पुसलं, तेल लावलं. ठोकळा मिटून घेतला. अक्षता पाटावर वाहिल्या. मग हात जोडले.

मित्रांनो, तुमच्या घरी शिलाई यंत्र असेल, पंप असेल, सायकल असेल. त्यांना हार घाला, माझी ना नाही. पण आधी पाणी आणि फडकं घ्या. भाऊंना हे कळायला एक पाय आणि बारा वर्षं लागली.