पाणी निवळलं

"प्रतिभा, ये पोरी, पाह्य! पानी निवळून राह्यलं!" सखूबाई सकाळीच ओरडली.

तिच्या नवऱ्याच्या, नागोरावांच्या, कुशीत डॉक्टरांनी घातलेली नळी होती आणि नळीला पित्त साठायची पिशवी. काल ती हिरवी-पिवळी होती. आज तळाशी थोडंसं, तेही फिक्कं. बाजारहत्नूरला, सखूबाईच्या माहेरी, काविळीच्या पोराचे हात चुना लावून परातीत धुवायचे. पाणी पिवळं उतरायचं. ते निवळलं की पोरगं भाकर मागायचं, अन् झालं, कावीळ गेली! आता नवऱ्याचंही तसंच होणार, असं तिनं पक्कं धरलं होतं.

आणि तिची लेक प्रतिभा? ती आदिलाबादच्या कॉलेजात पित्त कसं सुटतं हेच तर शिकवायची. स्वादुपिंडाची काही संप्रेरकं यकृताला पित्त सोडायला लावतात, काही हात आखडायला सांगतात. फळ्यावर दोन बाण काढले की तास संपला! इथं बापाच्या स्वादुपिंडातल्या गाठीनं पित्ताची वाटच अडवली होती आणि त्या बाणांचा पार विचका झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, पिशवी रिकामी राहू लागली की यकृतानं हात टेकले समजा. हे आईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"माय, ऐक ना..."

नागोरावांनी लेकीचा हात दाबला. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"सखू," ते म्हणाले, "भाकर टाक वं. भूक लागली."

कितीक दिवस नुसत्या पाण्यावर असलेला माणूस! सखूबाई हसली, रडली, पिठाच्या हातानंच शेजारणीला सांगून आली. ज्वारीच्या गरम भाकरीचा एक घास तिनं भरवला. नागोरावांनी जबडा हलवला, मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले. प्रतिभा मोरीत जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडली.

दुपार कलायच्या आत नागोराव गेले.

त्यांचं तोंड पुसताना सखूबाईचं बोट गालात अडलं. घास तसाच होता. तिनं तो तळहातावर घेतला आणि बघत बसली.

"हे जातीन, तुले मालूम होतं?"

प्रतिभानं होकाराची मान हलवली.

"अन् ह्यायले?"

"हो, माय."

"म्हंजे भूक नोहतीच," सखूबाई म्हणाली. "माह्यासाठी भाकर मागली वं ह्यायनं!" आणि घासाची मूठ उराशी धरून तिनं हंबरडा फोडला.