हात पुढे, पाय समेवर

गिटार वाजवणाऱ्या माणसाला बासरी वाजवायची हौस कशाला, असं कुणीही विचारील. उदगीरच्या संगमेश्वर मास्तरला हौस नव्हती, गरज होती. त्यांच्या ग्रुपातला कीबोर्डवाला गंधार नोकरी लागून पुण्याला गेला आणि जाताना कीबोर्डातली बासरी, सनई, व्हायोलिन सगळं एका बॅगेत घालून घेऊन गेला. मागं उरले तिघं. गाणारी मालविका, लातूरच्या शाळेत संगीत शिकवणारी. ढोलकी-तबल्याला निलंग्याचे शेषेराव, साखर कारखान्यात मिलपाशी जन्म काढून रिटायर झालेले. आणि हा, गिटार घेऊन. त्यात नांदेडच्या एका मंडळानं भावगीतांचा कार्यक्रम ठरवून टाकलेला. बासरी नसलेलं भावगीत म्हणजे बिनफोडणीचं वरण, लोक ताटावरून उठत नाहीत इतकंच.

तर मास्तर नांदेडला मन्मथच्या वाद्यांच्या दुकानात गेला. मन्मथ बोलायला लागला की ग्राहकाला खुर्ची लागते.

"मास्तर, हा गिटार सिंथेसायझर. तुम्ही तार छेडली की सूर ओळखतो आणि तोच सूर बासरीत वाजवून दाखवतो. पण त्याला सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. तुमच्या गिटारीतला साधा पिकअप सगळ्या तारांची खिचडी करून देतो. त्यानं भागायचं न्हाई."

मग दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे चुंबकाची पट्टी, तारा टेकतात त्या घोडीजवळ चिकटवायची. गिटारीला भोक नको, काही नको. पण चुंबकाला ब्राँझच्या तारा धड कळत नाहीत, म्हणून तारा बदलायच्या आणि लाकडाचा मूळ गोडवा थोडा सोडायचा. दुसरी वाट म्हणजे घोडीवरची हाडाची पट्टी काढून तिथं सहा सेन्सरांची पट्टी बसवायची. तारा आपल्याच राहतात, पण गिटार कापावी लागते.

मास्तरनं कापायला साफ नकार दिला. कॉलेजपासूनची गिटार होती ती. त्यानं सिंथेसायझरचा डबा आणि चिकटवायची पट्टी घेतली.

"एक सांगून ठेवतो," मन्मथ म्हणाला, "सूर ओळखायला ह्याला वेळ लागतो. आवाज कणभर मागं येतो, जाड तारेला जास्त. होईल सवय."

मास्तरनं त्यातलं 'होईल सवय' तेवढं ऐकलं. नवीन वस्तू हातात आली की माणसाचे कान असेच सोयीचे होतात.

लातूरला मालविकाच्या घरी पहिली तालीम झाली ती बघण्यासारखी होती. बासरी निघाली झकास. शेजारीण खिडकीत येऊन उभी राहिली. पण ढोलकी घातली की सगळा विचका. शेषेराव पुढं, बासरी मागं, मालविका मधे लोंबकळत. शेषेरावांची थाप आजवर चुकली नव्हती. इतकी वर्षं मास्तरच्या उजव्या हाताला बसून हा माणूस डोळे बारीक करून अशी सम गाठायचा की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी. तोच माणूस आज घोड्यावर बसून आल्यासारखा पळत होता.

"मामा, जरा दम धरा," मास्तर म्हणाला.

"मी बरोबरच हाय. तुझाच हात अडखळायलाय."

तालीम आटोपल्यावर मालविकानं मास्तरला अंगणात गाठलं. ती वाईट बाई नव्हती, पण कार्यक्रमाला नाव तिचं लागणार होतं.

"सर, मामांचं वय झालंय हो. मला बोलायला बरं वाटत नाही, पण नांदेडला असं झालं तर पुन्हा कुणी बोलवायचं नाही. तालाला विजेवरचं ऑक्टोपॅड वाजवणारा एक आहे माझ्या ओळखीचा. पुढच्या रविवारी बघू. जमलं तर ठीक, नाहीतर त्याला सांगते."

मास्तरला घास गोड लागेना. शेषेरावांची बायको गेल्यापासून त्या माणसाला या तालमीशिवाय दुसरं काय होतं? निलंग्याहून एसटी पकडून, ढोलकी मांडीवर घेऊन यायचे. हाच माणूस आपल्या डब्यापायी घरी बसणार, ही गोष्ट मास्तरच्या मनातून हलेना. दोष त्या पट्टीचाच, असं त्यानं ठरवून टाकलं. पुन्हा नांदेड गाठलं आणि काळजावर दगड ठेवून गिटार मन्मथच्या हवाली केली. मन्मथनं घोडी कोरली, सेन्सरांची पट्टी बसवली. आता सूर लवकर ओळखला जाऊ लागला, आवाजही अधिक साफ झाला. पण कणभर मागं होता तो अर्धा कण मागं राहिलाच.

रविवारी मास्तर आणि शेषेराव आधी पोचले. मालविका आत चहा टाकायला गेली. दोघांनी एक चाल धरली. पुन्हा तेच, ढोलकी पुढं, बासरी मागं. मास्तर वैतागून सरकून बसला, तसा त्याच्या पायाचा धक्का लागून डब्याची केबल निसटली. बासरी बंद. बोटांना मात्र ते कळायला वेळ लागला, ती चालत राहिली. तारांची नुसती किणकिण उरली होती आणि ती ढोलकीच्या आवाजात बुडून गेलेली.

शेषेराव वाजवतच होते. नजर मास्तरच्या उजव्या हातावर. सम आली, थाप नेमकी पडली, आणि ते समाधानानं हसले.

"हां. आता बसलं बघ."

मास्तरनं निसटलेल्या केबलकडं पाहिलं. बासरी मुळात वाजतच नव्हती आणि मामा म्हणत होते, बसलं.

केबल उचलायचंही त्याला सुचेना. एकेक गोष्ट आठवायला लागली. बसायला कायम उजवी बाजूच का लागायची. मालविका पाठमोरी बोलली की मामा नुसते 'हाव, हाव' का म्हणायचे. फोनवर कधी बोलत नसत, भाचीला बोलायला लावायचे. ढोलकी त्यांच्या मांडीवर होती, तिचा ठोका अंगाला कळत होता. बाकीचं सगळं ते मास्तरच्या बोटांवरून ऐकत होते. बासरी बंद पडली तसा तिच्यासाठी थबकणारा हात सरळ चालला, म्हणून त्यांना बसलं वाटलं. साध्या गिटारीत बोट आणि आवाज एकत्रच येतात, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. या डब्यानं बोट आणि आवाज वेगळे केले आणि म्हातारा उघडा पडला.

मालविका चहा घेऊन आली तेव्हा मास्तर म्हणाला, पट्टी नीट बसली नाही, अजून एक आठवडा द्या. तो खोटं बोलत होता आणि ते त्याला जमतही नव्हतं. मालविकानं कप खाली ठेवले.

"कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापर्यंत थांबते. त्यानंतर नाही," ती म्हणाली.

आता काय करावं? डबा परत करावा तर कार्यक्रम गेला. डबा ठेवावा तर मामा गेले. शाळेत वर्गावर उभा राहूनही मास्तर हेच दळण दळत होता. एकदा वाटलं, आपणच हात जरा आधी चालवावा, म्हणजे बासरी नेमकी समेवर येईल. पण मग मामाही आधीच थाप मारणार, त्यांची नजर हातावर. हात आणि आवाज कधीच एकत्र यायचे नव्हते. मग तालावर चालणारं असं काय दाखवायचं त्यांना?

फळ्याजवळ उभ्या उभ्या त्याचं लक्ष आपल्याच पायाकडं गेलं. तो ठेका धरून हलत होता.

बोलायला सोपं, करायला महाकठीण. हात कणभर पुढं चालवायचा आणि पाय बरोबर समेवर टाकायचा. पहिले दिवस पाय हातामागं पळायचा, नाहीतर हात पायाची वाट बघत बसायचा. बायको महादेवी स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, गिटार वाजवायलाव का सायकल चालवायलाव?" मास्तर हसायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यानं शेषेरावांना तालमीच्या आधीच लातूरच्या स्टँडवर गाठलं. बाकावर दोघं बसले. मास्तर त्यांच्यासमोर तोंड करून, सावकाश बोलला.

"मामा, हाताकडं नका बघू आता. पायाकडं बघा."

शेषेराव ढोलकीच्या दोरीतली कडी ओढत होते. ओढता ओढता थांबले. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला, चोरी पकडलेल्या पोरासारखा, आणि मास्तरला स्वतःचीच लाज वाटली. ते उठले, ढोलकी खांद्याला लावली आणि समोर लागलेल्या निलंग्याच्या गाडीत चढून बसले. खिडकीतून बघितलंसुद्धा नाही.

तालीम झाली नाही. मामांची तब्येत बरी नाही, असं मास्तरनं सांगितलं. मालविकानं त्याच्यासमोरच ऑक्टोपॅडवाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या हॉलवर मास्तर खुर्चीवर तारा जुळवत बसला होता. ऑक्टोपॅडवाला यायचा होता. इतकं जड मन घेऊन वाजवायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. एवढ्यात पडद्यामागून शेषेराव आले. इस्त्रीचा सदरा, खांद्याला ढोलकी. ते उजव्या हाताला बसले नाहीत. सरळ समोर, मास्तरच्या पायापासून हातभरावर सतरंजी ओढून बसले.

"बूट काढ," ते म्हणाले. "काळ्या बुटात पाय दिसत न्हाई मला."

मास्तरनं बूट काढले, मग मोजेही काढले.

मालविका हे बघत उभी होती. "सर, हे काय चाललंय?"

मास्तर काहीतरी सांगणार, तोच शेषेराव तिच्या ओठांकडं बघत बोलले. "बाई, मला ऐकू येत न्हाई. कारखान्यातल्या मिलच्या आवाजानं कान खाल्ले, लई वर्षं झाली. सांगितलं असतं तर तुम्ही ठेवलं नसतं. आज ह्याच्या पायावर वाजवतो. एक कडवं ऐका, न्हाई बसलं तर मी उठतो."

एक कडवं झालं. बासरी आली, थाप आली, दोन्ही एका जागी. पायाचा अंगठा वर, अंगठा खाली, आणि म्हाताऱ्याची नजर त्यावरून हलली नाही. मालविका गाता गाता एकदा अडखळली, ती तालामुळं नाही.

कडवं संपलं. मधे उभा असलेला माईकचा स्टँड तिनं उचलला आणि पाय नीट दिसेल असा बाजूला ठेवला.