नमुना क्रमांक सहा

मित्रांनो, मी एक बॅटरी. जुनी झालेली, आणि तरीही कोरी. विजेवरच्या सायकलीला बसवतात तशीच आहे मी, पण सायकल कशी पळते ते मला विचारू नका. मी आयुष्यात रस्ता पाहिलेला नाही. मी नमुन्याची बॅटरी आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तान्ह्या बाळासाठी तांदूळ निवडावेत तसा एका कामगार मावशींनी माझ्या पोटातला एकेक सेल निवडला. मध्ये आग न पसरू देणारे कागद घातले. फार तापले की वीज आपोआप तोडणारी इवलीशी पट्टी बसवली. अशा आम्ही सहा बहिणी झालो. तेव्हा मुकादम म्हणाला, "ह्या परीक्षेला बसणाऱ्या. बाकीच्या कशाही होऊ देत." हे मी माझ्या कानांनी ऐकले होते.

जिथे आम्हाला विकायचे होते, तिथले नियम कडक होते. बाहेरून आलेली बॅटरी तपासल्याशिवाय विकायची नाही. आणि तपासायची ती अधिकाऱ्याने स्वतः गोदामात जाऊन, ढिगातून हाताला येईल ती उचलायची. हे काम ज्यांच्याकडे होते त्या ताई त्या दिवशी निघाल्याही होत्या. पण गोदाम गावाबाहेर, आणि त्यांच्या लेकीचे पाळणाघर सहाला बंद व्हायचे. माल मागवणाऱ्याचा माणूस मोठा गोडबोल्या. म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला धूळ खायला येता? मीच आणून देतो की सहा." ताईंनी घड्याळ पाहिले. मग खांद्यावरची पर्स पुन्हा खुंटीला अडकवली.

माझ्या बहिणींना भट्टीत तापवले, उंचावरून पाडले, खाऱ्या पाण्यात बुडवले, जड वजनाखाली चिरडले. एकीनेही पेट घेतला नाही. मला मात्र पुराव्यासाठी जपून कपाटात ठेवले. ताईंनी मंजुरीच्या कागदावर सही केली आणि त्या कागदाच्या आधारे हजारो बॅटऱ्या घराघरांत गेल्या. त्यांच्या पाठीवर माझ्याच मंजुरीचा क्रमांक होता. नवे शिकाऊ आले की ताईंचे साहेब मला दाखवत. शिपाईकाका माझी धूळ पुसत आणि 'आमची स्कॉलर' म्हणत. मित्रांनो, कौतुक फार गोड लागते. मुकादमाचे शब्द मी विसरून गेले. खरे सांगायचे तर विसरल्यासारखे केले.

दोन वर्षांनी एक कुरिअरवाला दादा पत्र्याची बादली घेऊन आला. बादलीत वाळू होती आणि वाळूत अर्धी कोळसा झालेली बॅटरी. पाठीवरचा अर्धा क्रमांक उरला होता. तो माझाच होता. दादाने ती घराच्या दाराशी चार्जिंगला लावली होती. भडका उडाला तेव्हा बाहेर जायची वाट तेवढीच. त्याच्या आईने नातवंडांना बाहेर काढण्यासाठी ती पेटती बॅटरी दोन्ही हातांनी बाजूला ढकलली.

तो चढ्या आवाजात बोलला नाही. एवढेच म्हणाला, "मीच म्हणत होतो, घरात नको. आई म्हणाली, अरे, सरकारनं बघून दिलंय, कसली भीती?"

ताई बादलीशेजारी बसून तो अर्धा क्रमांक वाचू लागल्या.

साहेबांचे म्हणणे, त्याने चार्जर भलताच लावला असेल, तसे लिहून मोकळे व्हा. नवी खेप गोदामात आली होती आणि सोमवारी बाजारात जायची होती. ताई उठल्या. त्यांनी कपाट उघडून मला बाहेर काढले.

"अहो ताई, स्कॉलरला कशाला फाडता?" शिपाईकाका कळवळले.

"तिलाच विचारायचंय, काका."

त्यांनी माझे पोट उघडले आणि बादलीतल्या त्या जळालेल्या बॅटरीशेजारी मला ठेवले. तिच्यात कागद नव्हते, पट्टी नव्हती. दुसरीकडून काढलेले जुने सेल नवे वेष्टण चढवून कोंबलेले होते. मग ताईंनी अहवाल लिहायला घेतला. पहिलेच वाक्य होते, 'हे सहा नमुने मी स्वतः निवडलेले नव्हते.'

साहेब म्हणाले, हे वाक्य नसले तरी चालेल, पुरावा भक्कम आहे.

"हे काढलं ना साहेब, तर उद्या माझ्या जागी येणारीलाही कुणीतरी घरपोच नमुने आणून देईल."

खेप गोदामातच अडली. मंजुरी रद्द झाली, विकलेल्या बॅटऱ्या परत मागवल्या. ताईंकडून तपासणीचे काम काढून घेतले. त्यांनी सहीचे पेन मेजावर ठेवले आणि कुरिअरवाल्याच्या आईला भेटायला गेल्या. तिथे काय बोलणे झाले, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, बॅटरी दारात किंवा जिन्यात चार्जिंगला लावू नका. ती लावून झोपू नका. फुगली, वास आला, तर आजची फेरी राहू द्या, पण ती वापरू नका. आणि तुमची वही दाखवून कोणी अख्खा वर्ग पास करून घेत असेल, तर शाबासकी घेण्याआधी तोंड उघडा. माझे पोट उघडावे लागले, तेव्हा कुठे खरे बाहेर आले. तोवर उशीर झाला होता. त्या आजींना अजून पाण्याचा पेला एका हाताने धरता येत नाही.