चेतनाचा टायफॉईड

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही सगळे मास्तर ऑफिसातल्या कॉम्प्युटरभोवती जमलो होतो, आणि चेतना वासनिकच्या नावापुढे एकोणसाठ टक्के पाहून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी क्लार्कला पान पुन्हा उघडायला लावलं. बैठक क्रमांक तपासला. आईचं नाव तपासलं. आईचं नाव दुर्गा, तेही बरोबर होतं.

ज्या टिंकूला वजन आणि वस्तुमान यांतला फरक मी दोन वर्षं सांगून थकलो, त्याला चौऱ्याऐंशी. त्याच्यामागे बसणाऱ्या पोराला एक्क्याऐंशी. कॉलेजचा निकाल शंभर टक्के, आणि सगळ्यात शेवटी आमची चेतना. प्राचार्यांनी पेढे मागवले होते. मी एक उचलला आणि तसाच हातात धरून बसून राहिलो. अकरा वर्षांच्या मास्तरकीत जिच्यासाठी घरून तयारी करून यावंसं वाटलं अशी ही एकच पोरगी. तासाला असा प्रश्न विचारायची की मी "उद्या सांगतो" म्हणून सुटका करून घ्यायचो. तिला नव्वदच्या खाली पडतीलच कसे?

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. कोहमाऱ्याच्या चौकातून आत बारा किलोमीटर, एवढं पुरे. मी भुपेंद्र राहांगडाले, फिजिक्स शिकवतो. आता आमच्या पद्धतीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, आणि मी ते लाजत सांगतोय असं समजू नका. तेव्हा मला लाज वाटत नव्हती.

पेपर अकराला सुरू व्हायचा आणि साडेअकराला वीज जायची. वीज गेली की कॅमेरे बंद. यात वीजवाल्यांचा काही दोष नाही, मेन स्विच आमच्या शिपायाच्या हाताशी होता. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या मास्तरानं त्या दिवशी केंद्रावर फिरकायचं नाही असा नियम आहे. म्हणून मी मागच्या दारानं यायचो, ओळींमधून फिरत उत्तरं सांगायचो, आकृत्या फळ्यावर काढायचो आणि जाताना पुसून जायचो. बाकीचे मास्तरही आपापल्या पेपरला असेच यायचे. याला आम्ही कॉपी म्हणत नव्हतो, सहकार्य म्हणत होतो. पोरं पास झाली की पुढच्या वर्षी पोरं येतात, पोरं आली की तुकडी टिकते, तुकडी टिकली की आम्ही टिकतो. मी सात वर्षं बिनपगारी शिकवलं आहे. पगार सुरू होऊन हे चौथं वर्ष. ज्याला नावं ठेवायची असतील त्यानं आधी सात वर्षं बिनपगारी काढून दाखवावी.

तर माझा हिशेब साधा होता. आम्ही सांगितलेलं सगळ्यांनी लिहिलं, सगळ्यांना ऐंशी पडले. चेतनानं ते लिहिलं, वर स्वतःचंही लिहिलं, म्हणजे पंचाण्णव पडायला हवे होते. मग एकोणसाठ कसे? कुणी तपासलं हिचं? माझं डोकं फिरलं.

दुसऱ्याच दिवशी मी मोटरसायकल काढून कोहमाऱ्याला गेलो. चेतनाच्या वडिलांचं, सेवकरामभाऊंचं, तिथे हायवेला पंक्चरचं दुकान आहे. रायपूरकडचे ट्रक थांबतात, भाऊंना मान वर करायला फुरसत नसते. मी म्हटलं, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवू, फेरतपासणी करू, फी मी भरतो. भाऊ हात पुसत उभे राहिले आणि लेकीकडे पाहायला लागले. चेतना आत बाकावर पुस्तक घेऊन बसली होती.

"मार्क बराबर हायेत सर," ती म्हणाली. "पेपर कायले काढाचा?"

मला वाटलं, पोरगी खचली आहे. पण खचलेली दिसत नव्हती. तिनं मला मोबाईल दाखवला. दूर दक्षिणेत कुठलंसं विद्यापीठ, देशभरातून हजारो पोरं अर्ज करतात आणि शंभर-सव्वाशे घेतात. राहणं, जेवण, शिकणं सगळं फुकट. शेवटच्या फेरीची मुदत पंधरा दिवसांवर आली होती. तिथे मार्कांची अट नव्हती, पण मार्क कमी असतील तर त्यामागची गोष्ट लिहून द्यायची होती, आणि एका शिक्षकाचं पत्र लागत होतं. पत्र तुमीच द्या, म्हणाली.

मी हो म्हणालो. मनात हसलोही असेन. नव्वदवाल्यांना जिथे कोणी विचारत नाही तिथे ही एकोणसाठ घेऊन निघाली होती.

चार दिवसांनी ती स्टाफरूममध्ये दोन कागद घेऊन आली. मार्कांमागची गोष्ट तिनं आधी मराठीत लिहिली होती, मग इंग्रजीत. स्पेलिंगा तेवढ्या पाहून द्या, म्हणाली, आणि ग्रंथालयात जाऊन बसली. मी लाल पेन काढलं.

"आमच्या केंद्रावर साडेअकराला वीज जाते," पहिलंच वाक्य. "मग एक सर आत येतात आणि उत्तरं सांगतात. ते सर चांगले आहेत. पण मला त्यांनी सांगितलेलं लिहायचं नव्हतं, म्हणून मी कानात कापसाचे बोळे घातले."

मला तो कापूस आठवला. मी तिच्या बाकापाशी थांबून, कान दुखतो का असं खुणेनं विचारलंही होतं. तिनं मान हलवली होती आणि मी पुढच्या ओळीकडे वळलो होतो.

खाली तिनं लिहिलं होतं की प्रत्येक विषयाचे शेवटचे काही धडे आम्हाला शिकवलेलेच नाहीत, कारण त्यांची उत्तरं परीक्षेत सांगायचीच होती. फिजिक्सचे तीन. एक तिनं वडिलांच्या फोनवर पाहून थोडाफार शिकून घेतला. बाकीचे समजले नाहीत, ते प्रश्न तिनं कोरे सोडले. शेवटी लिहिलं होतं, "मला एकोणसाठ टक्के येतं. उरलेलं मला शिकायचं आहे."

मी लाल पेन खाली ठेवलं. कोणी भर चौकात कानाखाली वाजवावी तसा मी सुन्न बसलो होतो. समोर दोघे मास्तर चहा पीत होते, मला काही विचारत होते, मला ऐकू येत नव्हतं. तिनं चुकीचं काहीच लिहिलं नव्हतं. सेमीकंडक्टरचा धडा मी चार वर्षांत एकदाही शिकवला नव्हता. त्या पोरीचे एकोणसाठ टक्के म्हणजे माझ्या शिकवण्याचे एकोणसाठ टक्के होते, आणि मी आदल्याच आठवड्यात तपासणाऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

मग भीती वाटायला लागली. हा कागद बाहेर गेला तर? केंद्र बंद, चौकशी, पगार गेलाच. माझी बायको प्रेमिला इतक्या वर्षांनी या उन्हाळ्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं साडी घेऊन आली होती.

मी ग्रंथालयात गेलो आणि चेतनाला समजावलं. हे असं कोणी लिहितं का? आजारी होती असं लिही. मार्च महिन्यात टायफॉईड झाला, ताप होता तरी पेपर दिले. डॉक्टरचा कागद मी आणून देतो. त्या लोकांना दया येईल आणि कुणाचं नुकसानही होणार नाही. मी बराच वेळ बोललो. ती खाली पाहत ऐकत राहिली.

"खोटंच लिवाचं असतं त पेपरातच लिवलं असतं ना सर," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. कागद घेतले आणि गेली. स्पेलिंगा तपासायच्या राहूनच गेल्या.

त्यानंतर मी जे केलं ते मला तेव्हा हुशारी वाटली होती. माझ्या ईमेलवर शिक्षकाचं पत्र भरायची विद्यापीठाची लिंक आली. त्यात विचारलं होतं, विद्यार्थिनीचे गुण तिची कुवत दाखवतात का, दाखवत नसल्यास कारण काय. मी लिहिलं, अत्यंत हुशार, शांत, आज्ञाधारक मुलगी, परीक्षेच्या काळात टायफॉईडनं आजारी होती. वाटलं, मास्तराच्या शब्दाला वजन असतं. पोरीचं लिहिणं ते पोरीचं लिहिणं म्हणून सोडून देतील, तापाचं धरून ठेवतील. तिचंही काम होईल आणि माझ्यावरही काही येणार नाही. मी पुन्हा एकदा मागच्या दारानं येऊन तिला उत्तर सांगत होतो, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तिला यातलं काही बोललो नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. व्हिडिओवर मुलाखत. दुकानात ट्रकांचा गोंगाट, म्हणून ती घरी बसून बोलली. मला बरं वाटलं. म्हटलं, ताप कामी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन आला. त्या विद्यापीठाच्या एक मॅडम, हिंदीत, अतिशय नम्रपणे बोलत होत्या. म्हणाल्या, या मुलीचा निबंध निवड समितीतल्या आमच्या पाचही जणांना फार भावला होता. पण निबंधात एक कारण आणि तुमच्या पत्रात दुसरंच. काल मुलाखतीत आम्ही तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि खरं काय ते विचारलं. तिनं पत्र पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, सरांनी लिहिलंय ते खरं. मी आजारी होते. वीज जाते, सर येतात, ते सगळं मी मनानं लिहिलं.

मी पलंगावर बसलो.

मॅडम म्हणाल्या, मार्क कमी असल्याचं आम्हाला काही नाही, पण खोटं लिहिणाऱ्या मुलाला आम्ही घेत नाही. फाईल संध्याकाळी पाचला बंद होईल. तिला याची कल्पना दिलेली आहे. का कोण जाणे, तुम्हाला एकदा विचारावंसं वाटलं. मी म्हणालो, थोड्या वेळानं फोन करतो. घड्याळात साडेतीन झाले होते.

कोहमाऱ्यापर्यंत मी गाडी कशी नेली मला आठवत नाही. जिनं मार्कांसाठी खोटं लिहिलं नाही, विद्यापीठासाठी खोटं लिहिलं नाही, ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. माझ्यासाठी, ज्यानं तिला तीन धडे शिकवले नाहीत. मला स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

सेवकरामभाऊ जॅक लावत होते. त्यांना घरात काय झालंय याचा पत्ता नव्हता. पोरगी कालपासून जेवली नाही, तुमीच विचारा, म्हणाले. चेतना आतल्या बाकावर होती. पुस्तक नव्हतं.

"तू खोटं काऊन बोलली?" मी विचारलं.

तिनं बाहेर भाऊ ऐकत नाहीत ना ते पाहिलं. मग म्हणाली, "तुमी लेखी देलं होतं ना सर. मी खरं सांगतली असती त तुमची नोकरी गेली असती."

"पन तुझं काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला खरोखरच समजत नव्हतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"तुमी सांगितलेलं उत्तर मी पहिल्यांदाच देलं सर," ती म्हणाली. "ते बी चुकलं का?"

बाहेर भाऊ टायरवर घण मारत होते. मी फोन काढला. नंबर दोनदा चुकीचा लागला. प्रेमिलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, प्राचार्यांचा आला. खोटं कशाला सांगू, क्षणभर असंही वाटलं की पाच वाजू द्यावेत. मग फोन लागला.

चेतना उठून उभी राहिली. नको सर, असं तिनं हातानं खुणावलं. मी पाठ फिरवून बोलायला लागलो.

मी सांगितलं की पोरीला ताप नव्हता, तिचा निबंध शब्द न् शब्द खरा आहे, आणि काल तिनं जे सांगितलं ते एका माणसाला वाचवायला सांगितलं. पत्र खोटं होतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, हे पाचच्या आत लेखी पाठवावं लागेल, आणि निबंधात जे उत्तरं सांगणारे सर आहेत त्यांच्याशी बोलता आलं तर बरं होईल. ते तयार होतील का?

"मैं ही बोल रहा हूँ, मॅडम," मी म्हणालो.