डॉक्टरांची चिल्लर

माझा ईश्वरदास उमरेडच्या गाडीवर कंडक्टर होता. आमच्या इंदोऱ्याच्या गल्लीत दर महिन्याचा सरकारी पगार आणणारा तो पहिला. त्याचा बाप धोंडबा गिरणीत खोकून खोकून गेला, मी विड्या वळून पोराला मॅट्रिक केलं. तो खाकी कपडे घालून निघाला की मी मुद्दाम दारात उभी राहायची. ज्यांना पाहायचं त्यांनी पाहावं.

त्याला नाण्यांचा नाद लावला रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी. एकदा त्याच्या गाडीत बसले, तिकिटाची मोड परत घेतली आणि एक आठ आणे डोळ्याशी धरून पाहतच राहिले. म्हणे, कंडक्टर, सालाखाली बारीक खूण असते बघ. कोणावर चांदणी, कोणावर चौकट, कोणावर काहीच नाही. अमक्या सालाचं, चांदणीवालं, कुठे मिळत नाही. तुझ्या हातून रोज एवढी नाणी जातात, दिसलं तर आण.

झालं. शिकलेला माणूस आपल्याशी दोन शब्द बोलला, आमच्या ईश्वरला तेवढं पुरलं. तो दर रविवारी रामदासपेठेत जायला लागला. जुनं, वेगळं काही नेलं तर डॉक्टर रुपया-दोन रुपये द्यायचे, आणि खुर्चीवर बसवायचे. घरी आला की पैशाचं कमी, खुर्चीचं जास्त सांगायचा. मी म्हणायची, तुझ्या घरी काय खुर्ची नाही? नव्हतीच, ती गोष्ट वेगळी.

तिकिटाच्या पैशांच्या झोळीतलं नाणं उचललं तर तेवढ्याच किमतीचं दुसरं झोळीत टाकावं लागतं. त्यासाठी डॉक्टरांनी त्याला पाच रुपयांची चिल्लर दिली, पुरचुंडी बांधून. आता गाडीवर नियम असा, की निघायच्या आधी कंडक्टरनं आपल्या खिशात स्वतःचे किती पैसे आहेत ते लिहून द्यायचं. ईश्वरनं लिहिलं, काही नाही. असं काहून लिहिलं, म्हणून मी नंतर विचारलं.

"माय, ते पैसे माह्ये कुठी होते? डॉक्टरसाहेबाचे होते," तो म्हणाला.

पाचगावच्या पुढे चेकर चढला. भरल्या गाडीत माझ्या पोराचे खिसे उलटे केले. झोळी तिकिटांशी बरोबर निघाली, एक पैसा इकडचा तिकडे नाही. पण खिशात पुरचुंडी निघाली, आणि बंडीत कागदात गुंडाळलेलं एक आठ आणे. चेकरनं दोन्ही पाकिटात घालून त्याला लाख लावली. ईश्वर घरी बसला.

डेपोचे साहेब वाईट नव्हते. म्हणाले, चिल्लर ज्याची आहे त्यानं येऊन सांगावं, नाहीतर नुसता फोन करावा, मी नोकरी वाचवतो. ईश्वर काही जाईना. म्हणे, एवढ्या मोठ्या माणसाला कशाला तरास. सून प्रेमिला कोपऱ्यात रडत बसलेली.

"पदर सोड तोंडातला," मी तिला म्हटलं. "मी जातो."

डॉक्टरांनी मला बसवलं, चहा आणवला. काळा फोन त्यांच्या हाताशीच होता. विहारातली मूर्ती सोडली तर मी कोणापुढे हात जोडलेले नाहीत. त्यांच्यापुढे जोडले आणि सगळं सांगितलं.

"चिल्लर माझीच आहे, बाई," ते म्हणाले. "ईश्वर सरळ मुलगा आहे, हे मी कधीही सांगेन. पण फोन केला की माझं नाव कागदावर येणार. लोक म्हणतील, डॉक्टर कंडक्टरला हाताशी धरून गाडीचा गल्ला चाळतात."

"कधीही म्हंजे कधी सांगसान?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग जरा पुढे वाकले.

"त्या दिवशी जे सापडलं, त्यावर साल कोणतं होतं? काही बोलला का तो? आणि चौकशी संपल्यावर ते पाकीट परत देतात का?"

"साल मले एकच माहीत आहे," मी म्हटलं. "सत्तेचाळीस. त्या साली ईश्वर माह्या पोटी आला. दुसरं कोणतं मी ध्यानात ठेवलं नाही."

चहा तसाच ठेवून मी उठले.

पोराची नोकरी गेली. खाल्लं काही नव्हतं, हे चौकशीतल्या सगळ्यांना ठाऊक. पण लिहिलं होतं काही नाही, आणि निघालं काहीतरी. वरच्या साहेबांकडे अर्ज करायला दोन महिने होते, तिथेही डॉक्टरांचा शब्दच पाहिजे होता. पाकीट मात्र डेपोनं परत दिलं.

ही बातमी रामदासपेठेत कशी पोचली कोण जाणे. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा कंपाउंडर दारात. म्हणे, साहेबांची चिल्लर आहे तुमच्याकडे, आणि ते एक नाणं. मी त्याला पाणी दिलं आणि निरोप दिला. म्हटलं, साहेबांना सांग, स्वतः या, गल्लीच्या तोंडाशी उभे राहा आणि चार माणसांत म्हणा, ही चिल्लर माझी आहे. तेवढं म्हणा आणि पाकीट घेऊन जा. कंपाउंडर गेला. पाकीट मी तंबाखूच्या डब्याखाली ठेवलं. मला वाटलं होतं, माणसासाठी नाही तरी नाण्यासाठी येईल.

एका रविवारी डबा उचलला तर खाली काही नाही. ईश्वर सकाळीच धुतलेला सदरा घालून गेला होता. दुपारी आला. नोकरी गेल्यापासून त्याचं तोंड असं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं.

"तेच निघालं, माय," तो म्हणाला. "चांदणीवालं. साल बी तेच. डॉक्टरसाहेबानं भिंग लावून चारदा पाहिलं, मले बी दाखवलं. तीन रुपये देल्ले."

मला वाटलं, फोन झाला. बाकी कशाला पोराचं तोंड एवढं फुलेल?

"अन् डेपोच्या साहेबाले फोन केला त्यानं?"

त्यानं तीन रुपये प्रेमिलाच्या हातात दिले आणि चपला काढत बसला.

"विचारलं नाही मी," तो म्हणाला. "इतके खुशीत होते ते. म्हटलं, आता कशाले."