बिनखुंटीचे वळण

मी एक जुनी शिसवी वक्रपट्टी आहे. मित्रांनो, तुमच्या पेटीतला कंपास वर्तुळ काढतो, कारण वर्तुळाला केंद्र असते. माझ्या कडेला तसे एक केंद्र नाही. ती सरळ निघते आणि पुढे हळूहळू अधिक वळत जाते. अशा रेषेला संक्रमण वक्र म्हणतात. सरळ रस्ता वळणात शिरतो, तिथे ती लागते.

१९८६ साली, रस्त्यांचे नकाशे काढणाऱ्या गिरिजाबाईंनी माझे बिंदू गणिताने काढले आणि मस्तगडच्या सुताराकडून मला कापून घेतले. जाफराबादकडच्या रस्त्याचे एक नवे वळण त्यांनी माझ्याच कडेने रेखले. कचेरीतल्या साहेबांना नकाशा फार आवडला. मला अभिमान वाटला.

मग आम्ही जागेवर गेलो. मुकादम मच्छिंद्र खुंटी आणि दोरी घेऊन उभा होता. त्याची सगळी वळणे अशीच होत. मध्ये खुंटी ठोकायची, दोरी ताणून फिरायचे आणि चुन्याची फक्की टाकत जायचे.

"ताई, खुंटी कुठं ठोकू?"

"ह्याला एक खुंटी न्हाई, मच्छिंद्रभाऊ. मापं घेऊन बऱ्याच खुंट्या माराव्या लागतील."

"बिनखुंटीचं वळण? दावं तोडून पळालेलं जनावर हाय का काय!"

सगळे हसले. साहेबही हसले. "दोरीनंच टाका. जल्दी उरका."

"साहेब, सरळातून एकदम वर्तुळ लागलं तर चाक एकाएकी फिरवावं लागतं. भरलेली जीप सावरायची न्हाई. माझा भाऊ ह्याच रस्त्याला जीप चालवतो."

"मग भावाला सांगा, हळू चालव म्हणून."

गिरिजाबाईंनी भावाला, भिवाला, सांगितलेही. "अक्का, मला रस्ता पाठ हाय," तो म्हणाला. त्याला पाठ होता तो जुना रस्ता.

दोरीच्याच वळणावर डांबर पडून महिना झाला नव्हता. बाजाराहून परतताना भिवाची जीप वळणाच्या तोंडाशीच रस्ता सोडून कपाशीत उलटली. भिवा गेला. मागे लटकलेली दोन माणसेही गेली.

भिवाचे दिवस घातल्यावर मच्छिंद्र गिरिजाबाईंच्या दारात आला. खांद्यावर खुंट्यांची मोळी होती.

"ताई, कुठं कुठं मारायच्या त्या दाखवा."

 नकाशा आणि मला घेऊन गिरिजाबाई निघाल्या. संध्याकाळपर्यंत डांबराच्या आतल्या बाजूला खुंट्यांची ओळ उभी राहिली. रस्ता मात्र तिथवर कधी आला नाही. एकेक खुंटी कुणाकुणाच्या चुलीत गेली.

आता मी गिरिजाबाईंच्या कपाटात मऊ फडक्यात असते. माझ्यावर ओरखडाही नाही. मला जपा, असे मी सांगणार नाही, मित्रांनो. मला फार जपले आहे. तुमच्यापैकी कुणी पुढे रस्ते आखणार असेल, तर मला फडक्यातून काढा आणि जमिनीपर्यंत न्या. कुणी हसले तरी शेवटची खुंटी मारल्याशिवाय परतू नका. ते वळण अजून तसेच आहे. जाफराबादची जीप रोज तिथून जाते.